चष्मेबाईंचा काटा

मी एक जुना चिमटा आहे. चिमटा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर शेगडीजवळ लटकणारा चिमटा आला असेल, नाहीतर दोरीवरचे कपडे धरून बसणारा. ते दोघे माझे भाऊबंद खरे, पण आमचं येणंजाणं नाही. मी बोटभर लांबीचा, पोलादी, दोन अणकुचीदार टोकांचा. केसाएवढी वस्तू अलगद धरणं हे माझं काम.

मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मला फारसं काही वाटत नाही. पोलादाला कसलं आलंय वाटणं! तेव्हा जे पाहिलं, जे कानावर आलं, ते तसंच सांगतो. मधेच तुमचा गळा दाटून आला तर तो तुमचा प्रश्न.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्र्याच्या लांब पट्टीतून माझ्यासारखे शेकडो जण एकाच ठोक्यात कापले गेले. आमची टोकं जुळवायला एक म्हातारा कारागीर होता. टोकं नीट जुळली की नाही हे पाहायला तो आपल्याच मनगटावरचा एक केस धरून ओढायचा. निघाला तर चिमटा पास. त्याचं डावं मनगट पार तुळतुळीत झालं होतं. मी दुसऱ्या खेपेला पास झालो.

तिथून मी एका लहानशा दुकानात आलो. दुकानावर पाटी होती, 'घड्याळे व चष्मे'. अर्ध्या काउंटरवर नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, उरलेल्या अर्ध्यावर बायको चष्मे बसवून द्यायची. सगळी गल्ली त्याला घड्याळजी म्हणायची आणि तिला चष्मेबाई. खरी नावं फक्त पाकिटांवर यायची आणि पोस्टमन ती मोठ्यानं वाचून हसायचा.

मी घड्याळजींच्या वाट्याला आलो. घड्याळ उघडायचं तर आधी त्याचे काटे उतरवावे लागतात. मिनिटकाटा, तासकाटा आणि केसासारखा बारीक सेकंदकाटा. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून म्हणायचे, "आधी काटा काढू, मग बोलू." गिऱ्हाइकांना या वाक्याची भारी मजा वाटायची. कोणीतरी हटकून विचारायचं, "आज कोणाचा काटा काढताय, घड्याळजी?" ते मान वर न करता म्हणायचे, "मिनिटाचा. तासाचा उद्या काढतो." अकरा वर्षं हा एकच विनोद चालला आणि अकरा वर्षं लोक त्याला हसले. घड्याळजी माझ्याबद्दल म्हणायचे, "हा चिमटा नाही, माझी दोन बोटं आहेत." माझं कौतुक झालं ते तेवढंच, पण रोज झालं.

चष्मेबाईंचं काम वेगळं होतं. चष्मा नाकावर नीट बसला का, कानामागे रुततो का, काच डोळ्यासमोर आली का, हे पाहायला त्यांना गिऱ्हाइकाच्या तोंडाशी तोंड न्यावं लागायचं. मधे वीतभर अंतर. नवा चष्मा लागलेला माणूस डोळे उघडायचा आणि त्याला पहिल्यांदा स्वच्छ दिसायचा तो चष्मेबाईंचा चेहरा. त्यांनाही ते आवडायचं. "माझं थोबाड बघून लोकांना आनंद होतो, आणखी काय पाहिजे!" असं त्या म्हणायच्या.

त्या पन्नाशीला आल्या तेव्हाची गोष्ट. एक निवृत्त पोस्टमास्तर जवळचं बघायचा चष्मा न्यायला आले होते. दुकानात आणखी दोघं-तिघं बसले होते. चष्मेबाईंनी चष्मा त्यांच्या कानांवर चढवला. पोस्टमास्तरांनी डोळे मिचकावले, पाहिलं आणि आनंदानं ओरडले, "वा, वा! बाई, कमाल आहे तुमची! अहो, तुमच्या हनुवटीवरचा केससुद्धा दिसतो की!"

बिचाऱ्यांनी चष्म्याची तारीफ केली होती. बाकावरची मंडळी मात्र खो खो हसली. चष्मेबाई म्हणाल्या, "मग काच छान बसली म्हणायची." त्यांनी डबी पुसून दिली, पिशवीत घालून दिली, "सांभाळून उतरा, पायरी आहे," असंही सांगितलं. दुपारी जेवायच्या सुट्टीत शटर अर्धं खाली आलं. घड्याळजी मागे हात धुवायला गेले. तेवढ्यात चष्मेबाईंनी मला उचललं, भिंग उचललं आणि काउंटरवरचा आरसा उजेडाकडे वळवला.

केस एक नव्हता. तीन होते, राठ आणि काळे. मी सेकंदकाटे उचलत आलो होतो, मला हे काम जड नव्हतं. पण चष्मेबाई दर केसाआधी शटरकडे पाहून घेत होत्या. मागून घड्याळजींचा आवाज आला, "अगं, माझा चिमटा कुठे गेला?"

"माझ्याकडे आहे. काटा काढत होते."

"कुठल्या घड्याळाचा?"

"माझ्याच," चष्मेबाई म्हणाल्या.

घड्याळजी हात पुसत जेवायला बसले. पुढच्या आठवड्यात त्यांनी नवा चिमटा आणला आणि मला चष्मेबाईंच्या पुढ्यात ठेवलं. "हा आता कामाचा नाही राहिला. टोकं झिजलीत. तू ठेव." माझी टोकं मुळीच झिजली नव्हती. हे मी जाणत होतो, ते जाणत होते आणि चष्मेबाईही जाणत होत्या. त्यांनी मला उचलून आपल्या चष्म्याच्या डबीत ठेवलं. तेव्हापासून त्या घरात काटा या शब्दाला आणखी एक अर्थ आला. तो दोनच माणसांना ठाऊक होता. सकाळी न्हाणीघराला फार वेळ कडी राहिली की घड्याळजी बाहेरून विचारायचे, "झालं का गं?" आणि आतून उत्तर यायचं, "काटा!" मग ते गुपचूप बाहेरच्या नळावर तोंड धुवायला जायचे.

चष्मेबाईंनी माझ्यावाचून जमतंय का तेही पाहिलं. एकदा त्या पार्लरमध्ये गेल्या. तिथली मुलगी दातात दोरा धरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काकू, नुसत्या भुवया की दाढीपण?" चष्मेबाई नुसत्या भुवया करून आल्या. मग त्यांनी एक मलम आणलं. त्यानं हनुवटी तीन दिवस लालबुंद झाली आणि गिऱ्हाइकांना मुंगी चावली म्हणून सांगावं लागलं. एकदा घड्याळजींचा वस्तरा फिरवला, तर दुसऱ्याच दिवशी खुंट हाताला लागायला लागले. पुढे एक डॉक्टरीणबाई चष्मा घ्यायला आल्या, तेव्हा चष्मेबाईंनी हळूच विचारलं. त्या म्हणाल्या, "अहो, वय वाढलं की बायकांच्या शरीरातली काही द्रव्यं कमी होतात आणि असे केस येतात. पुष्कळ जणींना येतात. कोणी बोलत नाही एवढंच." चष्मेबाईंना हायसं वाटलं. पण त्या स्वतःही कोणाजवळ बोलल्या नाहीत.

वर्षं गेली. घड्याळजी गेले. लोक फोनमध्ये वेळ बघू लागले, म्हणून मुलानं घड्याळांचं काउंटर काढून टाकलं आणि नुसते चष्मे ठेवले. घड्याळजींची सगळी हत्यारं भंगारात गेली. मी वाचलो, कारण मी चष्मेबाईंच्या चष्म्याच्या डबीत, पुसायच्या फडक्याखाली होतो. एक दिवसाआड सकाळी मला बाहेर काढलं जायचं, दहा मिनिटं काम व्हायचं, मग पुन्हा फडक्याखाली. कौतुक संपलं होतं. त्याचं मला काही वाटलं नाही.

घरात आता मुलगा होता आणि सून होती. सून छापखान्यात मुद्रितं तपासायची. पानभर मजकुरात एक अनुस्वार निसटला तरी तिला तो दिसायचा. सासू-सुनेचं भांडण कधी नव्हतं आणि गूळपीठही नव्हतं. "अहो आई, जेवताय ना?" "हो, तू घे आधी." बावीस वर्षं हे असंच चाललं होतं. इतकी वर्षं एका घरात राहून त्या दोघी एकमेकींच्या चेहऱ्याजवळ कधी गेल्या नव्हत्या.

एका सकाळी चष्मेबाई न्हाणीघराच्या खिडकीशी उभ्या होत्या. हनुवटीची एक बाजू झाली होती, दुसरी व्हायची होती. एकाएकी त्यांची बोटं ढिली पडली आणि मी फरशीवर पडलो. पाठोपाठ त्या पडल्या. मुलानं दार मोडलं. धावपळ, आरडाओरडा, रुग्णवाहिका. सगळे गेल्यावर सुनेला मी नळाखाली सापडलो. चष्म्याचे बारके स्क्रू धरायचा असेल, असं म्हणून तिनं मला पुसलं आणि चष्म्याच्या डबीत ठेवलं. ती डबी घेऊन ती इस्पितळात आली. असा मी तिथे पोचलो.

चष्मेबाईंचा उजवा हात गेला होता, उजवा पाय गेला होता, तोंडाची उजवी बाजू लोंबत होती. बोलणंही गेलं होतं. सहाव्या दिवशी त्यांनी डावा हात उचलला, चादर हनुवटीपर्यंत ओढली आणि म्हणाल्या, "काटा."

मुलगा आनंदानं उडालाच. आई बोलली! पण पुढे काहीच नाही. पाणी हवंय का? "काटा." दुखतंय का? "काटा." डॉक्टर म्हणाले, "अशा आजारात कधीकधी एखादाच शब्द शिल्लक राहतो. त्याला अर्थ असेलच असं नाही."

पण माणसं अर्थ लावतातच. नर्सनं त्यांचे दोन्ही तळवे तपासले. सहा दिवस ज्या बाईचा पाय जमिनीला लागला नाही तिच्या पायात काटा कुठून येणार? पण तिनं तपासले. भेटायला आलेल्या शेजारणीला वाटलं, घशात माशाचा काटा अडकलाय. नर्सनं घशात बॅटरी मारून पाहिली. दुसऱ्या पाळीच्या नर्सला वाटलं, वजन करून घ्यायचंय. तिनं वजनकाटा पलंगाजवळ आणून दाखवला. चष्मेबाईंनी डोळे मिटून घेतले.

मुलाला मात्र नक्की कळलं. घड्याळजींचा मुलगा तो, काटा म्हटल्यावर त्याला दुसरं काय सुचणार? त्यानं घरातलं वडिलांचं भिंतीवरचं घड्याळ काढलं, झोळीत घालून इस्पितळात आणलं आणि पडद्याच्या हुकाला आईच्या समोर टांगलं. "आई, बघ. बाबांचं घड्याळ. बघ, काटा फिरतोय." चष्मेबाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. मुलगाही रडला. नर्सही नाक पुसत बाहेर गेली. मी दोन हातांवर डबीत पडलो होतो. डबी बंद होती. एवढी एकच गोष्ट मला माहीत होती आणि मला तोंड नव्हतं. त्याचं मला काहीतरी वाटलं असावं. नक्की काय, ते सांगता येत नाही.

दिवस जात होते आणि केस वाढत होते. चष्मेबाई चादर वर ओढायच्या, नर्स खाली करायची. "मावशी, घाम येईल." मग त्या डाव्या हातानं हनुवटी झाकायच्या, नखानं खरवडायच्या. त्यांच्या नाकात अन्नाची नळी होती. नर्सला वाटलं, पेशंट नळी ओढतोय. तिनं वेळ न घालवता त्यांचा डावा हात बँडेजच्या पट्टीनं पलंगाच्या दांडीला बांधून टाकला. तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. नळी निघाली असती तर तिलाच बोलणी बसली असती. पण त्यानंतर चष्मेबाईंजवळ चेहरा झाकायला काही उरलं नाही. डॉक्टर, सफाईवाली, पलीकडच्या पलंगावरची बाई, कोणीही यावं आणि बघावं. सून रोज त्यांचं तोंड ओल्या फडक्यानं पुसायची. पण पुसताना तिचं लक्ष नळीकडे असायचं, घड्याळाकडे असायचं, औषधाच्या कागदाकडे असायचं.

मग एका गुरुवारी मुलगा खुशीत आला. "आई, शनिवारी गल्लीतले सगळे तुला भेटायला येणार आहेत! पोस्टमास्तर पण. नव्वदी गाठलीय त्यांनी, तरी येतायत. तू बसवलेला चष्मा अजून चालतो म्हणाले."

"काटा," चष्मेबाई म्हणाल्या. "काटा. काटा. काटा." पलंग हलायला लागला. मुलानं घड्याळाकडे पाहिलं आणि समजूत घातली, "अगं हो, अजून दोन दिवस आहेत. घाई कशाला?"

शुक्रवारी दुपारी सून एकटीच होती. तिनं पावडरच्या डबीचा इवलासा आरसा काढला आणि खिडकीशी गेली. बराच वेळ ती हनुवटी चाचपत होती. नखांनी काहीतरी धरायला बघत होती, ते निसटत होतं. मित्रांनो, ती सत्तेचाळीस वर्षांची होती. गेल्या वर्षापासून तिलाही येऊ लागले होते आणि तिनंही कोणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही. वैतागून ती पुटपुटली, "शी! धड धरताही येत नाही मेलं." मग तिला काहीतरी आठवलं. तिनं चष्म्याची डबी उघडली, फडकं उचललं आणि मला बाहेर काढलं.

एक केस निघाला. दुसऱ्याला हात घालणार तेवढ्यात मागून आवाज आला, "काटा."

सुनेनं सवयीनं घड्याळाकडे पाहिलं. "सव्वातीन झालेत, अहो आई."

"काटा!"

हा आवाज वेगळा होता. सून वळली. चष्मेबाई घड्याळाकडे बघत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. सुनेनं मला वर धरलं, त्यांचे डोळे वर आले. तिनं मला डावीकडे नेलं, डोळे डावीकडे गेले. मग ती पलंगाजवळ आली, खाली वाकली आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा तिनं सासूच्या चेहऱ्याशी चेहरा नेला. अर्धी हनुवटी राखाडी खुंटांनी भरली होती. तीन-चार केस तर गव्हाच्या दाण्याएवढे लांब होऊन वळले होते.

"अगं बाई," सून म्हणाली. "काटा म्हणजे हा?"

चष्मेबाईंनी डोळे मिटले आणि उघडले.

सुनेनं आधी त्यांचा हात सोडला. दंडाला, कपाळाला उगाच हात लावला. मग पडदा ओढून घेतला, स्वतःचा चष्मा पुसला आणि कामाला लागली. मुद्रितं तपासणारी बाई ती. एका ओळीत सुरुवात केली आणि एकही सोडला नाही. उजव्या बाजूला केस निघत होता आणि चष्मेबाईंना पत्ता लागत नव्हता, ती बाजू बधिरच होती. डावीकडचा निघाला की त्यांची पापणी हलायची. सून दर वेळी म्हणायची, "सॉरी हं आई. झालंच." त्यांचा श्वास हळूहळू संथ झाला. एकोणीस दिवसांत मी तसा श्वास ऐकला नव्हता.

पडदा सरकवून नर्स आत आली. "अहो ताई, हे काय चाललंय? हात कोणी सोडला?"

"मी सोडला. काटा काढतेय त्यांचा."

नर्सनं पाहिलं. तिच्या ध्यानात आलं तशी ती ओशाळली आणि म्हणाली, "मग हे आधी सांगायचं ना!"

"तेरा दिवस सांगतायत त्या," सून म्हणाली.

नर्स गेली. तिनं हात पुन्हा बांधला नाही. मोकळा झालेला तो हात चष्मेबाईंनी उचलला, स्वतःच्या हनुवटीवरून फिरवला, एकदा, दोनदा. मग तो पुढे झाला आणि सुनेच्या हनुवटीवर आला. अंगठा तिथेच थांबला, जिथे तिचा दुसरा केस काढायचा राहिला होता.

"काटा," चष्मेबाई अगदी हळू म्हणाल्या.

सून हो म्हणाली. मग ती पलंगाच्या कडेवर बसली आणि ढसाढसा रडली. तिनं मला मुठीत इतकं आवळलं होतं की तळव्यावर वळ उठला.

शनिवारी सगळे आले. पोस्टमास्तरांनी अगदी जवळ वाकून विचारपूस केली आणि चष्मेबाईंनी तोंड फिरवलं नाही. मुलगा प्रत्येकाला सांगत होता, "बाबांचं घड्याळ आणलं ना, तेव्हापासून आई शांत झालीय." सुनेनं त्याला काही सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही. आता चष्मेबाई घरी आहेत. शब्द तेवढा एकच आहे. आठवड्यातून दोनदा त्यांच्या खोलीला आतून कडी लागते, आधी एकीचं होतं, मग दुसरीचं.

मित्रांनो, तुमच्याही घरात अंथरुणाला खिळलेली कोणी आई-आजी असेल. त्यांचं औषध, जेवण, अंथरूण तुम्ही वेळेवर करत असाल. तरीही एकदा दिवसाच्या उजेडात त्यांच्या चेहऱ्याजवळ जा. घृणा न करता, न हसता नीट पाहा आणि विचारा, "हे काढून देऊ का?" नको म्हणाल्या तर राहू द्या, तो त्यांचा चेहरा आहे. हो म्हणाल्या तर कातडी हलकेच ताणून धरा, केस ज्या बाजूला वाढतो त्याच बाजूला ओढा आणि एका वेळी एकच घ्या. हात चालवताना त्यांच्या डोळ्यांकडे बघत राहा. दुखलं तर त्यांना तेवढंच सांगता येईल.